कोसा शिजवलेले पाणी

चेहऱ्याच्या क्रीमची डबी हातात आली की मी ती आधी उलटी करते. मागची अक्षरे तांदळाच्या कणीहून बारीक असतात, ती वाचायला भिंग धरावे लागते. ओळीमागून ओळ वाचताना मानेमागून काहीतरी गार खाली सरकते आणि बहुतेक वेळा मी डबी परत ठेवून देते. दुकानातल्या माणसाला वाटते, बाईंचा विचार बदलला.

ही सवय मला तीन हिवाळ्यांपूर्वी लागली. त्या वर्षी माझी भाची अकरावीसाठी लाखनीला आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या धाकट्या भावाची ती एकुलती मुलगी. भाऊ, वहिनी आणि माझी आई आंधळगावला राहतात. घरात पिढ्यांपासून कोशाचे, म्हणजे जंगली रेशमाचे, विणकाम आहे. आता माग एकच उरला आहे, तो भाऊ चालवतो, आणि कोसा शिजवून त्याचे सूत काढण्याचे काम आई सत्तरीतही कुणाला देत नाही. जूनमध्ये वहिनी मुलीला घेऊन आली, तिचे कपडे माझ्या कपाटात स्वतःच्या हातांनी लावून गेली आणि निघताना एवढेच म्हणाली की, हिला अंगावरचे दुखणे सांगायची सवय नाही, तेव्हा न सांगता बघावे लागेल. मी म्हटले, बघीन. 

लाखनीचा हिवाळा कोरडा असतो. महामार्गावरून ट्रक जातात, त्यांची धूळ खाली बसायच्या आत दुसरे येतात. राइस मिलमधून उष्ण कोंड्याचा वास सुटतो आणि त्याबरोबर एक पिवळसर, दिसेल न दिसेल अशी भुकटी हवेत तरंगत राहते. ओठांवर जीभ फिरवली की ती कळते. भाची सकाळी सायकलने कॉलेजला जायची. डिसेंबर संपता संपता तिच्या गालांवर पीठ चोळल्यासारखा पांढुरका थर दिसू लागला. मग नाकाच्या कडेला खवले धरले. मग ओठांचे कोपरे उलले. ती हसायची ते अर्धेच, कारण पूर्ण हसू दुखायचे. वहिनीने सांगितले होते तशी मी न सांगता बघत होते आणि जे दिसत होते ते मला आवडत नव्हते.

आम्ही औषधांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई गंभीर आणि कमी बोलणारी. तिने समोर पाच-सहा डब्या मांडल्या आणि एक साधी गोष्ट शिकवली: यादीत जे आधी लिहिलेले असते ते डबीत जास्त असते, जे शेवटी ते नावापुरते. पुढच्या बाजूला काय छापले आहे ते वाचू नका, म्हणाली, तिथे गुलाबही असतो आणि मोतीही असतो. वास नसलेली, रंग नसलेली एक डबी तिने आमच्याकडे सरकवली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी ती यादी वाचत बसलो. मी आयुष्यभर कविता शिकवली आहे. ओळीत कोणता शब्द कुठे बसतो यावर त्याचे वजन ठरते, हे मी वर्गात सांगत आले. ते त्या डबीमागेही खरे निघाले, याचे मला अपार नवल वाटले. भाची एकेक नाव फोनवर शोधून मला सांगायची आणि मी क्रीम बोटावर घेऊन बघायची. ग्लिसरीन: जड, गोडसर, हवेतले पाणी ओढून कातडीत धरून ठेवणारे. शियाच्या बियांचे लोणी: बोटाच्या उबेने वितळणारे. सिरामाइड: हे तर आपली त्वचा स्वतःच तयार करते, विटांच्या मधल्या गाऱ्यासारखे, हिवाळा तो गारा खातो आणि भिंतीला फटी पडतात. नियासिनामाइड: एका जीवनसत्त्वाचे रूप, लाली शांत करणारे. ही नावे मी पुटपुटून पाहिली. परक्या भाषेतल्या नद्यांची नावे असावीत तशी ती जिभेवर लागत होती.

यादीच्या अगदी तळाला होते रेशमाचे प्रथिन. भाचीने फोनवर वाचले की, रेशमाच्या धाग्यावर जो डिंक असतो तो त्वचेला मऊ ठेवतो, ओलावा धरतो आणि जगभरात महागड्या क्रीममध्ये घालतात. ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, हे तं आपल्या घरचं होय. आजी गंजभर फेकून देते, अन् हे लोक डबीत थेंबभर घालतात."

आम्ही दोघी हसलो. गंज म्हणजे आमच्याकडचे मोठे पातेले. त्यात आई कोशाची फळे, म्हणजे रेशमाचे कोष, शिजवते, तेव्हा त्यांचा डिंक सुटतो, धागा मोकळा होतो, आणि उरलेले तांबूस पाणी ती परसातल्या नालीत ओतून देते. त्या पाण्याविषयी माझ्या मनात लहानपणापासून एक समजूत होती, जी मी कधी तपासली नव्हती. कोसा शिजवलेल्या दिवशी आई माझ्या कपाळावरून हात फिरवायची तेव्हा तो इतका गुळगुळीत लागे की हातावर रेघाच नसाव्यात. वस्तीतल्या इतर बायांचे हात खरखरीत, धानाच्या कामाने भेगाळलेले, आणि आमच्या आईचा हात काचेसारखा. तो रेशमाचा स्पर्श आहे असे मी मानून चालले होते. त्या डबीने मला पुरावा दिला.

क्रीमचा गुण चार दिवसांत दिसला होता, हे इथे सांगायलाच हवे. खवले गेले, ओठांचे कोपरे जुळून आले. गालांवर थोडी लाली आणि खरखर उरली होती, तीही आठवडाभरात गेली असती. एवढ्यावर थांबायला कोणाची हरकत नव्हती.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही आंधळगावला गेलो. वहिनी बारशासाठी सानगडीला, तिच्या माहेरी गेली होती आणि सोमवारी सकाळी परतणार होती. भाऊ साड्या घेऊन नागपूरला गेलेला. घरी आई एकटी होती. तिने पहाटेच चूल पेटवून गंज चढवला होता; आम्ही पोचलो तेव्हा तो उतरवून परसात ठेवलेला होता. ओले चामडे आणि भाजलेला किडा यांच्या मधला कुठलासा तो वास, जो मला माहेराचा वास वाटतो आणि परक्याला मळमळवतो, अंगणभर पसरला होता. आई पुढच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात बसून मांडीवर सूत वळत होती. तिची आमच्याकडे पाठ होती.

मी गंजातले पाणी बोटाने बघितले. कोमट होते. रंग चहासारखा. दोन बोटे एकमेकींवर घासली आणि अंगावर शहारा आला, इतके ते मऊ, निसरडे, रेशमी लागले. मी भाचीला हाक मारली. तिनेही बोट बुडवले आणि डोळे मोठे केले. त्या क्षणी आमच्यापैकी एकीलाही गंजाशेजारी ठेवलेल्या पांढऱ्या खारट पुडीची आठवण झाली नाही. कोसा साध्या पाण्यात शिजत नाही. त्यात धुण्याचा सोडा घालावा लागतो, मूठ मूठ. मी त्याच परसात वाढले. मला ते ठाऊक होते. पण मी त्या सकाळी परसात उभी होते ती यादीचा शेवटचा शब्द डोक्यात घेऊन, आणि त्या शब्दापुढे पन्नास वर्षांची चूल मला दिसली नाही.

भाची उन्हात बाजेवर आडवी झाली. जुन्या धोतराचा मऊ तुकडा मी त्या पाण्यात भिजवला, पिळला आणि तिच्या चेहऱ्यावर अंथरला, नाक-डोळे तेवढे मोकळे ठेवून. थोड्या वेळाने ती म्हणाली की चुरचुरून राहिले. मी म्हटले, असर करून राहिलं, थांब जरा. हे माझे शब्द. त्यानंतर मी ते कितीदा ऐकले आहेत, वर्गात, स्वयंपाकघरात, कुणी साधा मलम चोळत असले तरी. ती थांबली. तिला अंगावरचे सांगायची सवय नव्हती आणि एकदा सांगितले ते मी परतवले होते.

फडके वाळू लागले तसे मी ते दोनदा पुन्हा भिजवले. अर्धा-पाऊण तास गेला असेल. तिसऱ्यांदा भिजवताना पिळायचे राहिले आणि तिच्या गालावरून एक धार डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात उतरली.

तिची किंकाळी ऐकून आई बाहेर आली. तिने बाजेकडे पाहिले, गंजाकडे पाहिले, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिले. तिने नातीला मानेला धरून उठवले, न्हाणीत नेले, हौदाच्या काठावर तिचे डोके टेकवले आणि तांब्यामागून तांब्या तिच्या डोळ्यावर पाणी ओतू लागली. मला म्हणाली, पापणी धर, मिटू देऊ नको. जानेवारीचे हौदातले पाणी. मुलगी थरथरत होती, तिचे दात वाजत होते, माझ्या दोन बोटांमध्ये तिची पापणी माशासारखी निसटत होती. मी म्हटले, साय आणते, हळद आणते. आई म्हणाली, "काही आणू नको. पाणी. नुस्तं पाणी."

किती वेळ ते चालले, मला सांगता येणार नाही. हौद अर्धा झाला. मग आईने तिच्या सगळ्या चेहऱ्यावर, मानेवर, केसांच्या मुळांवर तसेच पाणी ओतले, आणि मुलीला चादरीत गुंडाळून आत नेले. डोळा लाल होता, पण त्याने दिसत होते. भाचीने समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवली तेव्हा मी बाहेर येऊन न्हाणीच्या ओल्या दगडावर बसले.

आई माझ्यासमोर आली आणि तिने उजव्या हाताचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरला. उन्हात तो चमकत होता. त्याच्यावर एकही रेघ नव्हती.

"रेशनच्या मशीनले माहा अंगठा दिसत नाही," ती म्हणाली, "अन् तू त्याले मऊपणा म्हणून राहिली?"

मग तिने शांतपणे सांगितले की गंजातून हात काढला की ती दर वेळी तो साध्या पाण्यात खूप वेळ बुडवून ठेवते, आणि संध्याकाळी मोहाच्या बियांचे तेल चोळते, नाहीतर रात्री हात झोपू देत नाहीत. हे तिने आम्हा मुलांना कधी सांगितले नव्हते. विचारले नव्हते, म्हणून.

दुपारी चेहऱ्याची लाली गडद झाली. कातडी ताणून बसवल्यासारखी दिसू लागली, तिच्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडावे इतकी. हात लावला तर ऊब लांबूनच लागे. आई म्हणाली, भंडाऱ्याला ने. मी म्हटले, आज रविवार, दवाखाने बंद, भाऊ गाडी घेऊन येईल, सकाळी नेऊ. यातले प्रत्येक कारण खरे होते आणि त्यातले एकही मला थांबवणारे नव्हते. रविवारीही दार उघडे असलेले रुग्णालय भंडाऱ्यात आहे. आंधळगावातही कुणीतरी गाडी काढली असती. मला थांबवत होते ते एवढेच, की तिथे गेल्यावर कुणीतरी विचारील, काय लावले होते. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. मी सांगितले की, पोरीचा चेहरा थंडीने जरा उलला आहे. माझा आवाज किती साधा निघाला, याची मला भीती वाटली.

फोन ठेवला तेव्हा आई मागे उभी होती. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुलेच सांगा लागन."

सकाळी भाचीचा डावा डोळा सुजेने पूर्ण मिटला होता. गालांवर बारीक फोड आले होते आणि त्यातून पिवळसर पाणी झिरपत होते. हनुवटीपासून कानापर्यंत फडक्याची कड स्पष्ट दिसत होती. जिथे कापड संपले तिथे माझी भाची पुन्हा सुरू होत होती. पहिल्या बसने वहिनी आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तिने मुलीची हनुवटी उचलली आणि बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे न वळता विचारले, काय लावले होते हिला.

मी म्हटले, "क्रीमच. नवीन आणली होती ना, तीच."

भाचीने उघड्या असलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले. पुढच्या खोलीत आईच्या मांडीवरचे सूत थांबले. मला वाटले, आता कुणीतरी बोलेल आणि माझी सुटका होईल. कुणीही बोलले नाही. वहिनीने माझ्या पर्समधून क्रीमची डबी मागून घेतली आणि रुमालात बांधली, साप मारून पुराव्यासाठी बांधावा तशी.

मोहाडीवरून भंडाऱ्यापर्यंत, पहाटे नागपूरहून परतलेला भाऊ गाडी चालवत होता आणि त्या कंपनीला कोर्टात कसे खेचायचे ते बोलत होता. दुकानदाराला सोडणार नाही, म्हणाला. दुकानातल्या त्या कमी बोलणाऱ्या बाईचा चेहरा माझ्यासमोर आला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. धान निघून गेलेली शेते, त्यांत खुंट, खुंटांवर दव. शेजारी भाची वहिनीच्या खांद्यावर डोके टेकून होती आणि तिच्या श्वासाबरोबर एक बारीक आवाज येत होता, उकळी येण्याआधी भांडे करते तसा. डोळा गेला तर. एवढे तीन शब्द मी मोहाडीपासून मोजत होते.

आधी डोळा तपासला. डॉक्टरांनी सुजलेली पापणी हळूच उचलून एक पिवळा थेंब टाकला आणि निळ्या उजेडात पाहिले. आम्हाला बाहेर थांबवले होते. दाराच्या फटीतून तो निळा उजेड भिंतीवर हलताना दिसत होता. बाहेर येऊन ते म्हणाले की बुबुळाला इजा नाही, थोडक्यात वाचले आहे. वेळेवर पाणी कुणी ओतले, असे त्यांनी विचारले. भाची म्हणाली, आजीने. वहिनीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. नुसते क्रीम लावलेल्या चेहऱ्याच्या डोळ्यात कुणी पाणी कशाला ओतील, हा प्रश्न तिच्या नजरेत त्या वेळी पहिल्यांदा आला.

त्वचेच्या डॉक्टर वयस्क होत्या. त्यांनी भाचीचा चेहरा उजेडाकडे वळवला, हात न लावता सगळीकडून पाहिला आणि विचारले, काय लावले होते. वहिनीने रुमालाची गाठ सोडली आणि डबी टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला, डबी डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्याने वाचू लागल्या. पाणी. ग्लिसरीन, चांगले. शिया, चांगले. सिरामाइड, हे तर मीच लिहून देते. एकेका नावाशी त्या क्षणभर थांबत आणि पुढे जात. ज्या यादीचे मला इतके कौतुक वाटले होते, तिच्यातले प्रत्येक नाव माझ्या अंगावरचे एकेक पांघरूण काढून घेत होते. नियासिनामाइड, याने लाली कमी होते. पॅन्थेनॉल, हे भाजलेल्यालासुद्धा चालते. मी मनात पुढे पळत होते: एखादे तरी वाईट नाव येऊ दे, एखादा सुगंध, एखादा रंग. रेशमाचे प्रथिन, निरुपद्रवी. सुगंध नाही. रंग नाही. त्यांनी डबी उघडून हुंगली, थोडे क्रीम स्वतःच्या मनगटावर घासले आणि झाकण लावले.

"या डबीतल्या कशानेही असा चेहरा होत नाही," त्या म्हणाल्या. "हे क्षाराने पोळलेले आहे. आणखी काय लावले? मला खरे कळले नाही तर मी चुकीचे औषध देईन."

खोलीत पंखा बंद होता. वहिनीचा हात मुलीच्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. भाचीने माझ्याकडे पाहिले नाही. ती जमिनीकडे बघत होती, मला वाचवण्यासाठी, आणि ते मला सहन झाले नाही.

मी सांगितले. कोसा, गंज, सोडा, फडके, किती वेळ, कितीदा. चुरचुरते म्हणाली तेव्हा मी काय म्हणाले तेही. माझे मराठी, ज्याची मी नोकरी करते, ते तुटक, लहान मुलासारखे झाले होते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, पाणी बोटाला निसरडे लागले होते का. मी म्हटले, रेशमासारखे. त्या म्हणाल्या, डबीतले रेशीम शुद्ध करून, सोडा पार काढून टाकून घातलेले असते, आणि तेही नखभर. गंजात डिंक थोडा, सोडा सगळीकडे. सोड्याला तेल मिळाले की साबण होतो. तुमच्या बोटाला जे निसरडे लागले, तो तुमच्या आणि नंतर तिच्या कातडीतल्या तेलाचा साबण होत होता. हे त्यांनी शिकवण्याच्या सुरात सांगितले. मी टेबलाची कड धरली.

औषध अगदी साधे होते. फोड सुकेपर्यंत फक्त पांढरी पेट्रोलियम जेली आणि डोळ्यात थेंब. मग, कातडी धरली की, तीच डबी, सकाळ-संध्याकाळ. बाहेर पडताना झिंक ऑक्साइड असलेले उन्हाचे क्रीम, कारण नव्या कातडीला ऊन लागले तर डाग काळा पडून बसतो. डाग जाईल का, असे वहिनीने विचारले. त्या म्हणाल्या, बहुधा फिकट होईल. पूर्ण जाईल का, ते आज सांगता येत नाही.

परत येताना भाऊ कोर्टाविषयी बोलला नाही. आंधळगावला उतरल्यावर वहिनीने एवढेच सांगितले की, पोरगी आता इथेच राहील, कॉलेजचे पाहू. तिचे कपडे पाठवून द्या, म्हणाली. माझ्या कपाटातून ते काढताना मी प्रत्येक घडी तिने घातली होती तशीच ठेवली.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते आठवू नये असे वाटते. वर्गात मुलींचे गाल दिसायचे. सत्तर गाल, सगळे अखंड, आणि मी फळ्याकडे वळायची. फोन वाजला की मी घाबरायची. न वाजला तर अधिक. दर रविवारी मी आंधळगावला जायची. कुणी ये म्हणत नव्हते, कुणी नको म्हणत नव्हते. आई चहा द्यायची. वहिनी सकाळी आणि उन्हे उतरताना मुलीला समोर बसवून तिच्या चेहऱ्याला ते क्रीम लावायची, मधल्या बोटाने, अतिशय हलक्या हाताने, आणि मी दाराशी बसून बघायची. डबीला मी हात लावत नव्हते. तसे मला कोणी सांगितले नव्हते. खपल्या गेल्या, खाली गुलाबी, ओलसर कातडी आली. मग तीन आठवड्यांनी डाव्या गालावर करडी सावली धरू लागली, आणि तिची कड पुन्हा फडक्याची कड झाली. भाची आरशात बघायची नाही. फोनमध्ये बघायची, पटकन, आणि फोन उलटा ठेवायची. माझ्याशी ती बोलायची, पण कॉलेजचे, मैत्रिणींचे. एकदा तिने आपणहून सांगितले की तिच्या आईने तिला विचारले होते, आत्या खोटे बोलली तेव्हा तू का गप्प राहिली. तिने काय उत्तर दिले ते मी विचारले नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी गेले तेव्हा वहिनी अंगणात लाल मिरच्यांच्या ढिगापाशी बसली होती. वर्षभराच्या तिखटासाठी देठ काढायचे चालले होते. हवेत ठसका होता, आईने नाकाला पदर लावला होता. वहिनीचे हात मनगटापर्यंत लालसर झाले होते. उन्हे उतरली. भाची रोजच्यासारखी डबी घेऊन बाहेर आली आणि वहिनीसमोर बाजेवर बसली. वहिनीने हात उचलले, त्यांच्याकडे पाहिले. साबणाने धुतले तरी मिरची दिवसभर बोटांतून जात नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असते. तिने आईकडे पाहिले. आईच्या मांडीवर सूत होते आणि ती मान खाली घालून बसली होती, नेहमीपेक्षा जरा अधिक खाली.

वहिनी पुन्हा देठाला लागली. मग ढिगाकडेच बघत म्हणाली, "बाई, आज तुम्ही लावा. माह्या हाताले तिखट आहे."

मी न्हाणीत जाऊन हात धुतले. पुन्हा धुतले. नखांखाली बघितले, हुंगले, पदराने पुसले, पदर स्वच्छ आहे की नाही या शंकेने पुन्हा धुतले. बाहेर आले तेव्हा भाची डबी मांडीवर धरून वाट बघत होती. मी हात पुढे केला. तिने डबी दिली नाही.

"आत्या, आधी तुह्या गालाले लाव," ती म्हणाली.

मिरचीचा देठ तुटण्याचा आवाज थांबला. मी डबी घेतली, बोटावर क्रीम घेतले आणि स्वतःच्या गालाला लावले. गार लागले. ती माझ्या गालाकडे बघत राहिली, पूर्ण गांभीर्याने, जणू काही उमटण्याची वाट बघत आहे. आम्ही सगळ्याच त्या गालाकडे बघत होतो. काही झाले नाही. मग तिने दोन्ही डोळे मिटले आणि चेहरा वर केला.

मी बोट तिच्या कपाळाला टेकवले, मग नाकाला, मग उजव्या गालाला, आणि सगळ्यात शेवटी डाव्या. डोळ्यांना तिथली सावली आणि तिची कड स्पष्ट दिसत होती. मी त्या कडेवरून बोट फिरवले, एकदा, पुन्हा एकदा. बोटाला ती कुठेच लागली नाही. कातडी होती, ऊब होती, खाली तिचा जबडा किंचित आवळलेला होता, आणि मी कडेपलीकडे गेले तरी तो आवळलेलाच राहिला.

"मानेलेही लावा," वहिनी म्हणाली, आणि तिने पुढची मिरची उचलली. "थे नेहमी राहून जाते."